पाचवं लॉक

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी मला शहाणपण शिकवायला नको. गॅस बंद केला का हे मी तीनदा बघतो. कुलूप लावल्यावर ते ओढून बघतो आणि गल्लीच्या टोकापर्यंत गेलो की परत येऊन पुन्हा ओढतो. घरात माझं नाव भित्री भागूबाई. बायको हळू आवाजात म्हणते, धाकटी बहीण चारचौघांत म्हणते, इतकाच फरक.

पण धंदा असा आहे की त्यात भित्रेपणा खपून जातो. चारही चाकं ओढणाऱ्या गाड्यांचे गियरबॉक्स आणि ट्रान्सफर मी खोलतो. ट्रान्सफर म्हणजे गियरबॉक्सच्या मागे बसलेली लोखंडी पेटी. इंजिनाची ताकद ती पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देते, आणि अवघड चढउतारासाठी तिच्यात एक वेगळा, सावकाश पण जोरकस गियर असतो. त्याला सगळे 'लो' म्हणतात. ही पेटी खोलून पुन्हा भरायला माझ्यासारखाच माणूस लागतो. प्रत्येक पायरी वहीत लिहायची, तिच्यापुढे बरोबरची खूण करायची आणि मगच पुढे जायचं. बेफिकीर माणसांनी खुशाल पंक्चरं काढावीत.

धाकटी डोंगरावरच्या हवामान केंद्रात सामान पोचवते. आठवड्यातून दोन फेऱ्या. डिझेल, पिण्याचं पाणी, भाजी, औषधं, तिथल्या माणसांचे धुतलेले कपडे. रस्ता निम्मा डांबरी आणि निम्मा खडीचा, आणि खडीचा भाग इतका उभा की साधी गाडी तिथे मान टाकते. ती एकटीच जाते, एकटीच येते. लहानपणी पडेन म्हणून मी झाडावर कधी चढलोच नाही. ती दोनदा पडली, एकदा हात मोडला आणि प्लास्टर निघायच्या आत पुन्हा चढली. एकाच आईची दोन मुलं इतकी वेगळी कशी, हे मला अजून कळलेलं नाही.

तिच्या गाडीचा ट्रान्सफर महिनाभर कुरकुरत होता. तेल गळत होतं आणि वेग घेतला की आतून रडल्यासारखा आवाज यायचा. शनिवारी मी पेटी उतरवली. बेअरिंगं गेली होती. नवीन बेअरिंगं, नवीन सील, नवीन पॅकिंग घालून सोमवारी संध्याकाळी पेटी जागेवर चढवली, तेल भरलं आणि मागच्या सपाट रस्त्यावर गाडीच्या चार फेऱ्या मारल्या. लो टाकून पाहिला, काढून पाहिला. लोण्यासारखा पडत होता. मंगळवारी सकाळी धाकटी गाडी घेऊन गेली. जाताना काचेतून डोकं बाहेर काढून म्हणाली, "आवाज पार गेला रे दादा! आता माझंच गाणं मला ऐकू येईल."

दुपारी साडेबाराच्या सुमारास मी बाकडं आवरायला घेतलं. पाने जागच्या जागी लावले, तेलकट फडकी बादलीत टाकली आणि लॉकचा डबा फळीवर ठेवायला उचलला. लॉक म्हणजे पोलादी रिंग, एका बाजूने तोंड उघडं असलेली. शाफ्टवर गियर चढवला की तो सरकून बाहेर येऊ नये म्हणून त्याच्या शेजारच्या खाचेत ही रिंग बसवतात. लोच्या गियरसाठी किटमध्ये तीन लॉकं येतात, बारीक, मध्यम आणि जाड. जे नेमकं घट्ट बसेल ते वापरायचं. दोन उरतात. उरलेली मी फेकत नाही, डब्यात टाकतो. न जाणो, कधी लागली तर?

मागच्या महिन्यात डबा रिकामा होता, तेव्हा अशीच एक पेटी भरली होती, तिची दोन. या पेटीची दोन. डब्यात चार हवीत. सवयीने डबा बाकड्यावर उपडा केला आणि मोजली. पाच निघाली.

पुन्हा मोजली. पाचच.

मी वही काढली. 'लो गियर, लॉक जाड' असं लिहिलेलं होतं आणि पुढे ठसठशीत खूण. खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं. पण त्या खुणेकडे बघता बघता मला सोमवारची सकाळ आठवली. मी आधी मध्यम लॉक लावून पाहिलं होतं. बाजूने फट मोजायची फिलरची पट्टी घातली तर ती आरामात आत गेली, म्हणजे लॉक ढिलं. म्हणून ते काढलं. पेन हातातच होतं, म्हणून वहीत 'जाड' लिहून खूणही करून टाकली. आता जाड लॉक उचलणार, इतक्यात बायको वरून ओरडली की पाण्याची टाकी भरून वाहतेय. मी जिना चढून कॉक बंद करायला पळालो. खाली आलो, हात पुसले, वही बघितली. खूण दिसली. मी पुढच्या पायरीला लागलो.

ही चूक कुठल्याही बेफिकीर मेकॅनिकने केली नसती. त्याच्याकडे वहीच नसते, त्यामुळे तो गियर बघतो. मी खूण बघितली.

की लॉक बसवलं होतं? मागच्या किटमध्ये तीनऐवजी चार लॉकं आली होती का? कधीकधी दुकानदार जास्तीचं टाकतो. मी आठवायचा प्रयत्न केला, तर आठवेना. जितकं आठवायला जावं तितकं डोकं रिकामं होत होतं.

बायको जेवायला बोलवायला खाली आली आणि माझ्या तोंडाकडे बघून दारातच थांबली.

"आता काय राहिलं?"

"अगं, लोचं लॉक बसवलंच नाही बहुतेक."

"बहुतेक?"

"पाच आहेत. चार हवीत."

"अहो, मागे त्या वॉशरचं काय झालं होतं?" ती म्हणाली. तिचंही चुकलं नाही. दोन वर्षांपूर्वी एक वॉशर उरला म्हणून मी एका गिऱ्हाइकाची गाडी भर रस्त्यात अडवली होती, आतल्या म्हाताऱ्यांना उन्हात उतरवलं होतं आणि अर्धी गाडी उघडली होती. तो वॉशर आमच्या शेगडीचा निघाला. त्यानंतर आमच्या घरात कोणी घाबरलं की 'वॉशर झाला' असं म्हणतात. "जेवून घ्या. ती येईल चारपर्यंत, मग बघा काय बघायचं ते."

"चारपर्यंत उतार येतो ना मध्ये!"

मी असा कधी ओरडत नाही.  मग मी तिला सांगितलं. त्या गियरचे दाते तिरके असतात. इंजिन गाडीला ओढतं तेव्हा गियर एका बाजूला रेटला जातो. तिथे शाफ्टचा जाड खांदा आहे, तो हलत नाही. म्हणून सपाटीला काही कळत नाही आणि चढताना तर लॉकची गरजच नसते. उतारावर उलटं होतं. गाडी इंजिनाला ढकलते आणि गियर दुसऱ्या बाजूला रेटला जातो. त्या बाजूला लॉकशिवाय दुसरं काही नाही. तेच नसेल तर गियर केसाकेसाने सरकत जातो आणि मग सुटतो. सुटला की इंजिनाचा धाक संपला. मग सगळा भार पायातल्या ब्रेकवर, आणि त्या उतारावर ते पाच मिनिटांत तापून निकामी होतात.

"म्हणजे वर जाताना काहीच नाही होणार," बायको म्हणाली.

"काहीच नाही."

"मग फोन लावा ना!"

धाकटीचा मोबाइल तिथे लागत नाही. केंद्रात एक जुना फोन आहे, तो मी फिरवला. नंबर दोनदा चुकला. तिसऱ्यांदा तिथल्या कारकुनाने उचलला. त्यांचा आवाज नेहमी झोपेतून उठल्यासारखा.

"त्या ना? आज लवकर आटपलं त्यांचं. आत्ताच निघाल्या, पाचएक मिनिटं झाली."

"साहेब, पळा! हाक मारा! थांबवा तिला!"

रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज आला. मी कानाला फोन लावून उभा राहिलो. बायकोने माझी बाही घट्ट धरली होती, ते मला नंतर कळलं. बऱ्याच वेळाने कारकून धापा टाकत परत आले. "कठड्यावरून ओरडलो हो. पहिल्या वळणावर होत्या. त्यांनी वर बघून हात केला आणि गेल्या."

पानापक्कडीची पिशवी आणि ते पाचवं लॉक घेऊन मी स्कूटरवर बसलो. बायकोने जेवणाचं नाव काढलं नाही. डोंगराच्या पायथ्याशी चौकीचा अडसर आहे, पंधरा मिनिटांवर. तिथल्या चौकीदाराने वही पुढे केली. नाव, वेळ, कामाचं स्वरूप. मी म्हटलं, "माझी बहीण मरेल." तो म्हणाला, "सही तर करा." मी सही केली. कामाच्या रकान्यात काय लिहिलं हे आता आठवत नाही, पण त्याने ते वाचलं आणि अडसर उचलला.

डांबर संपेपर्यंत स्कूटर चढली. खडी लागली तशी मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागलं. मी ती तिथेच आडवी टाकली आणि पायी निघालो. मी पन्नाशीचा माणूस, दिवसभर गाडीखाली आडवा असतो, चालायची सवय नाही. एका बाजूला डोंगराची भिंत आणि दुसऱ्या बाजूला काही नाही. कठडाही नाही, नुसत्या चुना फासलेल्या दगडांची रांग. मी भिंतीला चिकटून चढत होतो. त्या रस्त्यावर मी आयुष्यात पहिल्यांदाच आलो होतो, आणि माझी बहीण आठवड्यातून दोनदा इथून गाणं म्हणत उतरते हे मला माहीत होतं. माहीत असणं वेगळं आणि बघणं वेगळं.

मग वरून आवाज ऐकू आला. लोमध्ये उतरणारी गाडी कण्हल्यासारखा आवाज करते, इंजिन तिला मागे खेचून धरतं त्याचा. तो आवाज होता तोवर गियर जागेवर होता. तो एकदम पडला तर गियर सुटला. माझा सगळा जीव कानात आला. गाडी वळणाआड गेली की आवाज बारीक व्हायचा. अलीकडे आली की पुन्हा मोठा व्हायचा. हे चार वेळा झालं. पाचव्या वेळी आवाज गेला तो आलाच नाही. मी उभा राहिलो.  गाडी दगडांवरून खाली जाते तेव्हा आवाज कसा होतो, याचा मी विचार करत होतो. देवाशप्पथ, मी कान दिले होते त्या आवाजाकडे.

आणि समोरच्या वळणावरून गाडीचं नाक बाहेर आलं.

सावकाश येत होती. मी रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात वर करून उभा राहिलो. "ब्रेक! ब्रेक मार!" तिला वाटलं घरी काहीतरी झालंय. गाडी माझ्यापासून दहा पावलांवर थांबली, आणि ती खाली उतरायच्या आत मी चारही चाकांखाली दगड सारले होते.

"वहिनी बरी आहे ना? काय झालं? दादा, बोल ना!"

  मी खिशातून लॉक काढून तिला दाखवलं.

तिने लॉककडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ती जी हसायला लागली! बॉनेटवर थापा मारत हसली. "वॉशर झाला? एवढ्या लांब? चालत? अरे भागूबाई, तुझा चेहरा बघ आरशात!" मग तिने पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि पाठीवर हात फिरवला. "काही झालं नाहीये. मस्त उतरतेय गाडी. चल, बस, घरी जाऊ."

"नाही. इथेच उघडणार."

"उघड बाबा. तुझं समाधान होऊ दे."

मी गाडीखाली गेलो. दगडांवर विश्वास ठेवून उतारावरच्या गाडीखाली शिरणं ही माझ्यासारख्याने करायची गोष्ट नाही, पण ती वेळ लाड करायची नव्हती. रिकाम्या पाण्याच्या कॅनमध्ये तेल सोडलं. ते इतकं तापलेलं होतं की मनगट भाजलं. मग पेटीच्या तळाच्या झाकणाचे दहा नट. बाहेरून धाकटीचे फक्त पाय दिसत होते. ती गुणगुणत होती, मध्येच खडा लाथेने उडवत होती. "सापडलं का रे?"

झाकण उतरलं. मी बॅटरीचा उजेड आत धरला आणि बोट घातलं. खाच बोटाला लागायला हवी होती, तिच्यात लॉक हवं होतं. मला खाच लागलीच नाही. गियर सरकून तिच्यावर आला होता. समोरच्या गियरला तो आता फक्त काठाने धरून होता, करंगळीच्या नखाएवढा. बाकीचे दाते उघडे पडले होते आणि त्यांच्या टोकांवर ताजी चमक होती.

मी तिथेच पडून राहिलो. खरं सांगतो, त्या वेळी एक विचार आला. 'सगळं ठीक आहे' म्हणावं. ती हसेल, घरी जाऊन रंगवून सांगेल, सगळे पोट धरून हसतील. तेल सांडलंय, आता ओढूनच न्यावी लागेल, असं म्हणून गाडी खाली नेता येईल. रात्री लॉक बसवता येईल. कोणाला कळणार नाही. मला फक्त तोंड उघडून नेहमीसारखं मूर्ख ठरायचं होतं.

"दादा? सापडलं?"

"नाही," मी म्हणालो. "नाहीये. मी बसवलंच नव्हतं."

गुणगुणणं थांबलं. मग तिचे गुडघे दिसले, मग डोकं. ती सरकत माझ्या शेजारी आली. मी तिचं बोट धरून आत नेलं आणि कुठे किती धरलंय ते दाखवलं. तिला दाखवलं नाही तर ती पुन्हा हसेल, अशी मला भीती होती. तिने बोट तिथे बराच वेळ ठेवलं.

"किती गेली असती अजून?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"सांग ना."

"एक वळण. दोन. माहीत नाही गं."

ती बाहेर सरकली. मी बाहेर आलो तेव्हा ती डोंगराच्या भिंतीला टेकून, गुडघे जवळ घेऊन बसली होती. दरीच्या बाजूला बघत नव्हती. मी समोर जाऊन म्हटलं की चूक माझी आहे, सगळी माझी आहे, मी खूण आधी केली. ती ऐकत होती की नव्हती कळलं नाही.

"तू खोटं बोलायला हवं होतंस," ती म्हणाली.

"काय?"

"दर वेळी खोटंच असतं ना तुझं! आजच का खरं निघालं? लॉक आहे म्हणायचंस. मी हसले असते. मला परवा पुन्हा यायचंय इथे." तिने ते तेलकट बोट खडीवर पुसलं. "मला ते हात लावून कशाला दाखवलंस रे?"

 मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो तर हाताला तेल होतं. मी तो तसाच मागे घेतला.

थोड्या वेळाने ती उठून चौकीदाराच्या फोनवरून मदत मागवायला खाली चालत गेली. तोवर मी पेटीतून चाकांकडे जाणारे दोन्ही शाफ्ट सोडवून ठेवले, म्हणजे रिकामी पेटी कोरडी फिरायला नको. या गाडीचा हँडब्रेक ट्रान्सफरच्याच शाफ्टला धरतो, त्यामुळे तोही गेला. उरला फक्त पायाचा ब्रेक. तासाभराने पायथ्याच्या वखारीतला ट्रॅक्टर घरघरत वर आला. धाकटी त्याच्या मडगार्डवर बसून आली होती. ट्रॅक्टरवाल्याने लोखंडी दांडी पुढे जोडली. तो पुढून गाडीला धरून उतरणार होता, पण मागे स्टिअरिंगवर आणि ब्रेकवर माणूस लागतोच.

"बसा ताई," तो धाकटीला म्हणाला. तिने दार उघडलं. एक पाय पायरीवर ठेवला. मग तो खाली घेतला. पुन्हा ठेवला, पुन्हा खाली घेतला.

"दादा, तू बस," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

"तू शेजारी ये."

"नको."

"मग ट्रॅक्टरवर बस."

"नको म्हटलं ना."

मी चढलो. सीट तिच्या मापाची होती, माझे गुडघे स्टिअरिंगला लागत होते. दरी माझ्या बाजूला होती. मी ब्रेकवर पाय रोवला आणि ट्रॅक्टरवाल्याने हाताने खूण केली. चाकांखालचे दगड धाकटीनेच काढले आणि ती पटकन बाजूला झाली. गाडी हलली तेव्हा माझ्या तोंडून आवाज निघाला, तो तिने ऐकला असणार. त्यावर ती नेहमी काहीतरी बोलली असती.

 एका हाताने भिंत धरून ती गाडीच्या बरीच मागून चालत राहिली. प्रत्येक वळणावर मला ती आरशात दिसायची, पाय जपून टाकणारी. पायथ्याशी चौकीदाराने अडसर वर धरून ठेवला, आणि ती पोचेपर्यंत आम्ही सगळे तिथे थांबलो.